कॅम्पातली जोडणी

बाबांच्या आठवणीसाठी लोक जमले त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी खांबावर दोन वायरमन चढले होते. खाली तारेचं मोठं वेटोळं पडलं होतं. ते ओलांडून आमच्या फाटकात शिरणारा जो तो तेच म्हणत होता, "बाबा असते तर एव्हाना स्वतःच वर चढले असते."

बाबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी सैन्यात विजेचं काम केलं, परत आल्यावर जन्मभर या वस्तीत तेच केलं आणि उरलेला वेळ मधमाश्यांच्या चाकरीत घालवला. 'चाकरी' हा शब्द त्यांचाच. "मालकीण ती पेटीतली राणी. आपण घर बांधून द्यायचं आणि शिव्या खायच्या," असं म्हणायचे. डंखांना ते शिव्या म्हणत.

दोनेक आठवड्यांपूर्वी मागच्या शेडमध्ये मध काढता काढता ते गेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा घेऊन गेल्या तेव्हा ते पिंपाशेजारी आडवे होते आणि पिंप अजून फिरत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. ऐंशीच्या माणसाचं हृदय थांबलं तर कुणी त्यापुढं काही विचारत नाही.

त्या दिवशी त्यांनी पेट्यांतून काढलेल्या चौकटी शेडमध्ये तशाच होत्या. मेणानं बंद झालेल्या, मधानं जड. वीज आली की पिंप फिरवायचं आणि आलेल्या प्रत्येकाला बाबांच्या शेवटच्या मधाची एकेक बाटली द्यायची, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. पिंप म्हणजे पत्र्याचा मोठा गोल डबा. आत चौकटी उभ्या लावायच्या, खालची मोटर त्यांना गरगर फिरवते, मध उडून कडेला लागतो आणि तळाच्या तोटीतून गळतो. मध निघत असला की घरातल्या कुणाचं बोट त्या तोटीखाली गेलं नाही असं होत नसे. भुंगीचं तर आधी.

भुंगी म्हणजे आमची मुलगी, येत्या थंडीत चार वर्षांची होईल. हे नाव बाबांनीच ठेवलं, कारण जन्मली तेव्हापासून ती गप्प बसलेली कुणी ऐकली नव्हती. त्या दिवशी मी तिला मुद्दाम पाळणाघरात ठेवलं. मधाच्या वासानं माश्या शेडभोवती घिरट्या घालत होत्या आणि एवढ्या माणसांत माझी नजर तिच्यावरून हटली असती. पाळणाघर मागच्या रस्त्यावर, आमच्या गल्लीला वळसा घालून, पण त्याची वीजही आमच्याच खांबावरून. तिथल्या ताई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांची मदतनीस बाई मुलांजवळ होती.

घरात पंखे बंद, म्हणून खुर्च्या मागच्या अंगणात मांडल्या होत्या. मी त्या पेट्यांपासून लांब सरकवल्या. नवऱ्यानं परत पुढं आणल्या.

"अगं, बाबांची माणसं आहेत. माश्यांना सवय आहे."

"माश्यांना बाबांची सवय होती."

"आली गस्त," तो शेजाऱ्याला म्हणाला आणि दोघं हसले.

घरात मला गस्तच म्हणतात. जिन्याला फाटक, कपाटांना कड्या, प्लगच्या भोकांना झाकणं, सगळं माझ्या हट्टानं आलं. नवरा चिडवायचा. बाबांनी मात्र एकदाही चिडवलं नाही. उलट झाकणं बसवून द्यायला तेच पुढं. "ह्या घरात दोनच शिपाई," ते म्हणायचे, "बाकी सगळे सुट्टीवर."

लोक एकेक आठवण सांगत होते. शिंपीकाका म्हणाले, "चहा घेणार का विचारलं की बाबा बहिरा कान पुढं करायचे. दुसऱ्यांदा विचारलं की बरोबर ऐकू यायचं. म्हणजे आपण आग्रह करतोय की नुसतं विचारतोय, ते कळायचं त्यांना."

आई हसल्या. त्यांच्या हातातला चहा केव्हाचा गार झाला होता.

डाव्या कानाजवळ तोफगोळा फुटला होता बाबांच्या. तेव्हापासून त्या कानात अखंड शिट्टी वाजायची. सैन्यातून परत आले तेव्हा झोपच नव्हती त्यांना. मग कुणाच्या तरी शेतावर मोटर बसवायला गेले असताना मधमाश्यांच्या पेटीला कान लावला आणि म्हणे शिट्टी थांबली. त्याच महिन्यात पहिली पेटी घरी आली. ही गोष्ट आईंनी सांगितली. त्या थांबल्या तेव्हा मागच्या भिंतीकडची गुणगुण सगळ्यांना एकदम ऐकू आली. मला ती नेहमीपेक्षा वरच्या सुरातली वाटली. पण मला काय, नेहमीच तसं वाटतं.

"काही म्हणा, हाताला गुण होता," शिंपीकाका म्हणाले. "गेल्या थंडीत माझ्या इस्त्रीच्या टेबलाचा प्लग बदलून दिला. ऐंशीच्या माणसाचा हात, पण सुईत दोरा ओवावा तसं काम!"

गेल्या थंडीतले बाबा. मला तेच आठवत होते, आणि ते कुणाच्याच गोष्टीत नव्हते.

त्या थंडीपासून ते हळूहळू मागं जायला लागले होते. आधी बारीकसारीक गोष्टी. अंथरुणाची घडी पेटीसारखी चौकोनी. मग जेवताना, "आज मेसमध्ये कोण आहे?" पेट्यांना पहिली तुकडी, दुसरी तुकडी म्हणायला लागले. माश्यांना धूर द्यायचं धुराडं एकदा पेटतंच लाकडी फळीवर ठेवून आले. फळी काळी पडली, वास आला म्हणून मी धावले. एका सकाळी मी भुंगीला कडेवर घेऊन उभी होते, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "नवीन का? बदली कुठून झाली?" आणि लगेच सावरून, "अगं, गंमत केली."

त्यांच्या डोळ्यांत गंमत नव्हती. मी बघितलं होतं.

पण हात? हात अजिबात बदलले नाहीत. तार सोलताना, पीळ देताना, स्क्रू बसवताना जराही थरथर नाही. त्यामुळेच सगळे फसले. हात इतके स्वच्छ चालायचे की डोकं कुठं आहे, हे कुणी बघितलंच नाही.

आणि एक दुपार. जेवणाच्या टेबलावर मधाच्या पिंपाची वायर घेऊन बसले होते, जुनी वायर कडक झाली म्हणून नवीन जोडायला. नवीन वायरीत तीन रंगांच्या तारा होत्या. त्यांनी हिरवी मुळाशी कापली आणि बाजूला टाकली.

"बाबा, ही हिरवी?"

"ही कशाला? कॅम्पात ही नसते."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांनी अर्ध्या वस्तीची वायरिंग केलीय. तू इतिहासात एम. ए. केलंस." ते खरंच होतं. त्या हिरव्या तारेचं काय काम असतं, हे मला नीट सांगता येत नव्हतं. मला फक्त 'कॅम्पात' हा शब्द खुपला होता, आणि त्याला कुणी वैद्यकीय पुरावा म्हणणार नव्हतं.

बिगुलकाका उशिरा आले. बाबांबरोबर सैन्यात होते, लांबून बसनं आले होते. बिगूल वगैरे ते कधी वाजवत नसत. बोलायला लागले की वाजल्यासारखं वाटायचं, म्हणून बाबांनी पाडलेलं हे नाव. आल्या आल्या त्यांनी आईंच्या पायाशी खाली बसून रडून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "वहिनी, आता रडायचं नाही. मी आचाऱ्याचा नाच सांगतो."

"नको हो भावजी. लाज वाटते."

"तुम्हाला कसली लाज? आचाऱ्याला वाटू दे!"

लोक खुर्च्या सरकवून पुढं आले.

"आमचा कॅम्प म्हणजे तंबू आणि चिखल. विजेला एक डिझेलचं जनरेटर. आता तुमच्या घरात बघा, तीन तारा असतात. एक वीज आणते, एक परत नेते आणि तिसरी जाते जमिनीत. तिसरी कशाला? तर यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसातून न जाता सरळ जमिनीत जावी. ती हिरवी. बरोबर? आमच्याकडं तारेचा दुष्काळ. मग तुमच्या बाबानं काय करावं? हिरवी कापून टाकली आणि यंत्राचा पत्रा बांधला परतीच्या तारेला. दोन तारांत काम! पंखा म्हणू नका, चहाचा बंब म्हणू नका, अख्खा कॅम्प त्या जोडणीवर. साहेबानं पाठ थोपटली."

माझ्या हातात बिस्किटांचं ताट होतं. मी ते खाली ठेवलं.

"मग एकदा जनरेटर बिघडलं, दुसरं आणलं. ते जोडताना कुणीतरी तारा उलट्या लावल्या. आणणारी ती नेणारी झाली, नेणारी ती आणणारी. दिवे लागले, पंखे फिरले, कुणाला पत्ता नाही. पण आता जो जो पत्रा परतीच्या तारेला बांधलेला, तो तो विजेनं भरलेला! आणि आमचा आचारी गेला बंबाला मिठी मारायला..."

काका उठले आणि नाचून दाखवलं. सत्तरी उलटलेला माणूस, कोट घातलेला, गुडघे वर, हात वर, तोंडानं विचित्र आवाज. सगळे हसत सुटले. शिंपीकाकांना ठसका लागला. आईही पदर तोंडाला लावून हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"वाचला?" मी विचारलं.

"आचारी वाचला. पायात बूट होते." काका खाली बसले. आवाज उतरला. "त्याला सोडवायला दुसरा धावला. तो अनवाणी होता."

शिंपीकाकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तेव्हापासून तुमच्या बाबानं कायदा केला. ही जोडणी कॅम्पाच्या कुंपणाबाहेर जाणार नाही. शेवटपर्यंत पाळला पठ्ठ्यानं."

"काका," मी म्हटलं, "आपल्या घरात कुणी तशी जोडणी केली तर?"

"काही होणार नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे लगेच नाही, सूनबाई. महिनोन्महिने यंत्र मजेत चालेल. मग कधीतरी खांबावर परतीची तार ढिली होईल. दिवे कमीजास्त व्हायला लागतील, मंद, मग एकदम भगभगीत. नाहीतर वायरमन तारा बदलताना उलटसुलट लावेल. त्या वेळी ज्याचा हात पत्र्यावर असेल..." बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरून खांबाकडे गेली, आणि मग माझ्याकडे आली. "का गं?"

बाबा गेले त्या दिवशी दुपारपासून आमच्या गल्लीत दिवे मंद होत होते आणि भगभगत होते. तीन घरांतले बल्ब उडाले. सगळ्यांनी तक्रारी केल्या. तक्रारी केल्या म्हणून तर आज वायरमन खांबावर होते.

मी शेडमध्ये गेले. पिंपाचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्येच होता. मी तो उपटला. मोटरच्या बाजूला वायर जिथं आत शिरते तिथलं झाकण एका स्क्रूवर होतं, बाबांच्या खणातल्या स्क्रूड्रायव्हरनं ते निघालं. आत बघायला इतिहासात एम. ए. पुरेसं होतं. तांबडी आपल्या जागी. काळीतून, म्हणजे परतीच्या तारेतून, एक फाटा काढून पत्र्याला बांधलेला, सुबक पीळ, वर टेप. हिरवी नव्हती.

मागं नवरा येऊन उभा होता.

"काय चाललंय तुझं? लोक बसलेत बाहेर."

"हे बघ. काकांनी सांगितली तीच जोडणी आहे. कॅम्पातली."

त्यानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. बाबांच्या हाताखाली तो शाळकरी वयापासून तारा ओढत आला होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे बाबा स्वतःच्याच हातच्या कामानं गेले, असं म्हणायचंय तुला?"

मी तसं म्हटलं नव्हतं. ते तो म्हणाला.

"मला एवढंच विचारायचंय की त्यांनी आणखी कुठंकुठं..."

"हळू बोल." त्यानं शेडचं दार लोटलं. "आज नको. अख्खी वस्ती जमलीय बाहेर. प्रत्येकजण म्हणतोय हाताला गुण होता. आईकडं आता तेवढंच उरलंय. उद्या मी स्वतः जातो घरोघर, गुपचूप, सगळं तपासतो. शब्द देतो. पण आज नको."

"वीज आज येणार आहे."

"आत्ताच येतेय असं कुठंय? संध्याकाळ होईल म्हणाले."

तो वाईट माणूस नाही. त्याला एक दिवस हवा होता, फक्त एक दिवस बापाचं नाव स्वच्छ राहायला. मी कदाचित दिलाही असता. पण दाराच्या फटीतून पाळणाघरातल्या ताईंचा आवाज आत आला. त्यांची पाळी आली होती.

"...थंडीत पोरांना गार पाण्यानं हात धुवायला लागायचे. बाबा नातीला सोडायला आले होते, त्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर! कुठून तरी जुना गीझर आणला, बसवला, वायर जोडली. मी म्हटलं, बाबा कशाला एवढं, तर म्हणतात, ड्यूटी आहे. आता दुपारी उठली की पोरं आधी त्या नळाकडं पळतात. आणि त्यांची नात सगळ्यांच्या पुढं..."

लोक हसत होते.

नवऱ्याचा चेहरा मी बघितला नाही. मी दार ढकलून बाहेर आले.

"ताई, तुमच्या बाईंना फोन लावा. नळाला कुणी हात लावू नका म्हणावं. मेन बंद करा म्हणावं."

"आत्ता?" ताई गोंधळल्या. "आत्ता झोपलीत पोरं, उठायची वेळ होत आलीय. झोपवताना फोनचा आवाज बंद ठेवते ती. तुम्हीच तर सांगितलं होतं, भुंगी दचकून उठते म्हणून."

त्यांनी तरीही लावला. वाजत राहिला.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आरोळी आली. "बाजूला व्हा रे! सोडतोय!"

मी निघाले तसा नवऱ्यानं माझा दंड धरला. जोरात नाही. पण धरला. "मी जातो," तो म्हणाला, "तू इथं काही बोलू नकोस."

"सोड तिला."

आई उठून उभ्या होत्या. त्या शेडच्या भिंतीला लागूनच बसल्या होत्या. आतलं त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. बहुतेक सगळं.

"पळ," त्या मला म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "गेल्या वर्षात ह्यांनी ज्यांच्याकडं काम केलं असेल त्यांनी घरी जा. आधी मेन बंद करा. नळाला, इस्त्रीला, कशाच्या पत्र्याला हात लावू नका."

"वहिनी, झालं काय?"

"ह्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं." फाटकाची कडी काढताना मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, कुणी झाडाची फांदी मोडावी तसा. "मला ठाऊक होतं. हात ठीक आहेत ना, मग चालू दे, असं मी म्हणत राहिले."

तारेच्या वेटोळ्याजवळ मी वर बघून ओरडले, "नका सोडू! थांबा!"

"आधी नाही का सांगायचं, बाई?" खांबावरचा म्हणाला. "सोडलं की."

एका खिडकीत रेडिओ सुरू झाला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला. मी पळत होते आणि दोन्ही बाजूंनी गल्ली जागी होत होती, घरामागून घर, आणि आतून लोकांचे खूश आवाज येत होते, आली एकदाची, आली.

पाळणाघराचं दार आतून बंद होतं. कडी वरच्या बाजूला, मुलांचा हात पोचू नये अशी. ती तिथं बसवायला मीच ताईंच्या मागं लागले होते. मी दार बडवलं. मग खिडकीकडे गेले.

आत पंखा नुकता वेग घेत होता. मुलं उठली होती, डोळे चोळत बेसिनसमोर ओळीत उभी होती, सगळी अनवाणी. फरशी ओली होती. भुंगी पुढं होती, लाकडी पाटावर, नळापर्यंत पोचायला. बाई तिच्या बाह्या वर करत होत्या.

ओरडावं तर ती दचकून नळच धरेल. न ओरडावं तर आपली आपण धरेल. मी आयुष्यात इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते.

"बाई. तिला उचला. नळाला हात न लावता तिला उचला."

बाईंनी वळून बघितलं. "अय्या, तुम्ही? एवढ्यात? तोंड धुवून देते की."

"आई!" भुंगी म्हणाली. "मी पहिली आहे! बघ!" आणि दाखवण्यासाठी तिनं हात पुढं केला.

"उचला!"

माझ्या आवाजात काय होतं ते मला माहीत नाही. बाईंनी तिला काखेतून उचललं, पाट कलंडला, मागचं पोर रडायला लागलं. भुंगीचा हात हवेत, बोटं नळापासून वीतभर. तिला बखोटीला धरूनच बाईंनी येऊन कडी काढली. मेन स्विच दारामागं होता. मी तो खाली ओढला आणि त्याला तसाच धरून उभी राहिले. पंखा हळूहळू थांबला.

"मी पहिली होते," भुंगी म्हणाली आणि भोकाड पसरलं.

बाई पांढऱ्या पडल्या होत्या. मी तुटक तुटक सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, मग म्हणाल्या, "तरीच. हल्ली रोज कुणी ना कुणी म्हणतं, नळ चावतो. मला वाटलं, पाणी गरम असेल. मी त्या रबरी चपला घालून असते ना, मला कधी काही लागलं नाही."

बिगुलकाका धापा टाकत आले. बाबांच्या पिशवीतला टेस्टर आणला होता त्यांनी. आम्ही मुलांना बाहेर फुटपाथवर नेऊन बसवलं. काकांनी मला स्विच वर करायला सांगितला आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. त्याच्या हँडलमधला बारीकसा दिवा पेटला. लाल, स्वच्छ. नळ, बेसिनची कड, गीझरचं पोट, जिथं टेकवावं तिथं.

"बंद कर."

मी बंद केलं. काका तिथल्या एका बुटक्या रंगीत खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत आले. मघाशी याच गुडघ्यांनी नाचले होते.

"उलट्या लावल्यात खांबावर," ते म्हणाले. मग, "पण जोडणी त्याचीच. डोळे झाकून ओळखेन मी तो पीळ."

परत येताना भुंगी माझ्या खांद्यावर होती. मी तिला खाली उतरवलं नाही. वायरमननी पुन्हा वीज बंद केली होती आणि खांबाखाली त्यांचं आपसात भांडण चाललं होतं. गल्लीत दारं उघडी. लोक आपापल्या घरांसमोर उभे होते, आत जायला कचरत. शिंपीकाकांनी इस्त्रीचा प्लग कापून हातात धरला होता, शेपटीला धरून उंदीर धरावा तसा. मघाशी जे लोक बाबांबद्दल बोलताना थांबत नव्हते, त्यांच्यातल्या कुणालाच आता बाबांचं नाव घ्यायचं नव्हतं.

अंगणात आई एकट्या बसल्या होत्या. रिकाम्या खुर्च्यांवर आता माश्या होत्या, शेडमधल्या चौकटींकडून आलेल्या. नवरा शेडच्या पायरीवर होता. त्यानं पिंप भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं.

आईंनी आधी भुंगीचे हात बघितले, पुढून आणि मागून. मग मला विचारलं, "लागला दिवा?"

नवऱ्यानं मान वर केली. तो माझ्याकडं असं बघत होता, जणू अजूनही मी नाही म्हणू शकते.

"लागला," मी म्हटलं.

आईंनी मान हलवली. एकदाच. "म्हणजे हृदय नव्हतं ते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याला समोर बसवलं. कोणकोणाची घरं, आठवायला लागल्या. शिंप्याकडं इस्त्री. पाळणाघर. कोपऱ्यावरच्या मावशींचा फ्रिज. दवाखान्याच्या मागचं ते भाड्याचं घर, तिथं पाण्याची मोटर. नवरा प्रत्येक नावाला उठायचा, त्या म्हणायच्या, थांब, अजून आहे. मग त्या थांबल्या.

"अजून?" त्यानं विचारलं.

"रोज पिशवी घेऊन निघायचे रे," आई म्हणाल्या. "सकाळी निघायचे ते दिवेलागणीला यायचे. पायाला लांबची माती असायची. मी विचारायची कुठं गेला होता, तर म्हणायचे, ड्यूटीवर. मला वाटायचं, बरं आहे, मन रमतंय."

"पण कुठं?"

आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. आमची गल्ली गप्प होती, एकही पंखा, एकही यंत्र नाही. पण खांबाच्या पलीकडं वीज गेलेलीच नव्हती. दोन-तीन रस्ते सोडून कुठंतरी पाण्याचा पंप सुरू झाला आणि एक बाई कुणाला तरी हाक मारून सांगत होती, नळ सोड, भांडी घासून घेऊ.

नवरा उठला आणि त्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटला.